मूळ खरेदीदार हयात

धाकट्या मिस्त्रीचे वडील वारले त्याला तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत त्यांची तब्येत बरीच सुधारली होती.

गुडघा बरा झाला होता. रक्तदाब आवाक्यात आला होता. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांनी गोडही सोडलं होतं, जे जिवंतपणी कुणाच्या बापाला त्यांना सोडायला लावता आलं नव्हतं. ही सगळी प्रगती दर गुरुवारी अकराच्या सुमाराला, गॅरेजच्या दारात, लाल कंपनीच्या डीलरला तोंडी कळवली जात असे.

लाल कंपनीची हत्यारं महाग होती. डीलर ती दुकानात न विकता लाल व्हॅनमधून गॅरेजोगॅरेज फिरवायचा. व्हॅनच्या आत दोन्ही बाजूंना छतापर्यंत खण होते. थोरल्या मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कंपनीचा साधा स्क्रूड्रायव्हर हातात धरला नाही. कारण एकच, गॅरंटी. पाना मोडला की मोडका व्हॅनमधल्या पेटीत टाकायचा आणि खणातून नवा उचलायचा. गॅरंटीच्या कार्डामागे मात्र बारीक अक्षरात एक अट होती: मूळ खरेदीदार हयात असेपर्यंत. थोरल्यांनी ती कधी वाचली नाही. हयात माणसाला ती वाचायची गरजच पडत नाही.

धाकट्याने वाचली, ती वडील गेल्यावर आठवड्याने. गॅरेज पुन्हा उघडलं त्याच सकाळी नटावर बसवायची एक गोटी, म्हणजे सॉकेट, फुटली, आणि अट वाचून होते न होते तोच व्हॅन दारात आली. डीलरने डोकं बाहेर काढून विचारलं, थोरले कुठेत? धाकट्याने सांगितलं, घरी आहेत, गुडघा धरलाय.

बायकोला त्याने याचा हिशेबी खुलासा दिला. भिंतीवरची झाडून सगळी हत्यारं बाबांच्या नावावर आहेत. खरं बोललो तर एका शब्दात सगळी पोरकी होतील. खुलासा चांगला होता. पण खरं म्हणजे त्या दिवशी तो शब्द त्याच्या तोंडून निघालाच नसता, गोटी फुटो न फुटो. पंचेचाळिशीला आलेला माणूस, पण गल्लीत त्याला अजून धाकटाच म्हणत होते आणि त्यालाही ते सोयीचं होतं. एकदा खोटं बोललं की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. "असंच चाललं तर पुढच्या वर्षी बाबा शर्यतीत पळतील," बायको म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

आणि मग वडिलांचा रॅचेट घसरायला लागला.

रॅचेट म्हणजे गोटी लावून नट फिरवायचा दांडा. जाताना पकडतो, येताना कटकट करत मोकळा येतो. हा चौतीस वर्षं वडिलांच्या हातात होता. जिथे त्यांचा अंगठा बसायचा तिथे पोलादाला खळगा पडला होता. रोज गॅरेज बंद करण्याआधी ते तो कानाशी धरून तीनदा फिरवायचे आणि "बरोबर आहे" म्हणून कुलूप घ्यायचे. काय बरोबर आहे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. धाकट्याने मग तेच चालू ठेवलं. आता आतले दात झिजले होते आणि जोर लावला की दांडा फुकट फिरायचा. दोनदा त्याची बोटं इंजिनावर सोलून निघाली.

गुरुवारी त्याने तो डीलरला दाखवला आणि बदलून मागितला. डीलरने चष्मा कपाळावर चढवून आत पाहिलं. झिजलाय खरा, म्हणाला, बदलून मिळेल. पण मोठ्या वस्तूला मूळ खरेदीदाराची सही लागते, तीही समक्ष. येत्या गुरुवारी चार वाजता घरी येतो, थोरल्यांची भेटही होईल. जुना रॅचेट जाताना घेऊन जाईन, कंपनी वितळवते.

धाकट्याने घरी येऊन हे बायकोला सांगितलं. बायकोने शांतपणे विचारलं, "मग काय, फोटोची सही घेणार?"

संकट आलं की त्याच्या वासाने विक्रेता येतो. सोमवारी निळ्या कंपनीचा डीलर आला, इस्त्रीच्या शर्टात, हातात रंगीत पुस्तक घेऊन. त्याच्याकडे सगळ्याला उत्तर होतं. कुठल्याही कंपनीचं मोडकं द्या, आमचं नवं घ्या. सही नको, कार्ड नको, बिल कुणाच्या नावावर आहे ते नको. "आमची गॅरंटी हत्याराला असते, माणसाला नाही," तो म्हणाला. बोलणं पटण्यासारखं होतं. निळा रॅचेट हलका होता, दात बारीक होते, अडचणीच्या जागी अर्ध्या हातात फिरत होता. मिस्त्री म्हणून धाकट्याला त्यात एक खोट काढता आली नाही.

त्याने वडिलांचा रॅचेट निळ्या डीलरच्या पेटीत टाकला. पेटीत आधीच तीसचाळीस मोडकी हत्यारं होती. कुणाच्या दांड्यावर नाव कोरलेलं, कुणाच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. धाकटा पेटीत बघत राहिला. मग त्याने हात घालून रॅचेट परत काढला आणि विचार करून सांगतो म्हणाला. निळ्या डीलरने त्याला पुस्तक देऊन ठेवलं.

गुरुवारी चार वाजता लाल कंपनीचा डीलर घरी आला. सहीचा फॉर्म काढला, पेन काढलं, पाणी प्यायला. मग नेहमीच्याच आवाजात विचारलं, थोरले कसे आहेत?

धाकट्याने सांगायला बरंच तयार ठेवलं होतं. बाबा बहिणीकडे गेलेत, इथपर्यंत तोंड उघडलंही होतं.

"काका, बाबा गेले," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली."

हे त्याने आजवर कुणालाच स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांना फोन बायकोनेच केले होते. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

डीलरने पेनचं टोपण काढलं. "माहीत आहे," तो म्हणाला. "तू गॅरेज पुन्हा उघडलंस त्याच गुरुवारी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने सांगितलं होतं. मग गॅरेजपाशी आलो, तर तू म्हणालास घरी आहेत."

"मग दर गुरुवारी विचारत का होतात?"

"तू सांगत होतास. मला ऐकायला बरं वाटत होतं. गोड सोडा म्हणून मी वीस वर्षं त्यांच्या मागे होतो."

त्याने फॉर्मवर 'मूळ खरेदीदार हयात' या ओळीपुढे 'नाही' लिहिलं. मग खिशातून एक चपटी डबी काढली, रॅचेट मांडीवर घेतला, मागचे दोन स्क्रू सोडले, झिजलेले दात उचलून बशीत ठेवले आणि डबीतले नवे बसवले. दहा मिनिटांचं काम. दांडा तोच राहिला, खळग्यासकट.

धाकटा बघतच राहिला. हे होण्यासारखं होतं तर गेल्या गुरुवारीच का नाही केलंत, त्याने विचारलं.

"गेल्या गुरुवारी ते हयात होते," डीलर म्हणाला. "हयात माणसाची वस्तू बदलून द्यायची. गेलेल्या माणसाची दुरुस्त करायची. असं मी करतो. कंपनीला ठाऊक नाही."

त्या संध्याकाळी धाकट्याने कुलूप घेण्याआधी रॅचेट कानाशी धरून तीनदा फिरवला. आवाज नवा होता, जरा खडा.

पुढच्या गुरुवारी व्हॅन आली. डीलरने नवे पाने दाखवले, निळ्या कंपनीच्या पोलादाला नावं ठेवली, हवेबद्दल बोलला आणि खण लावायला लागला. धाकटा दारातून हलेना. हातातल्या फडक्याची त्याने दोनदा घडी घातली.

"काका, आज बाबांचं विचारलं नाहीत."

डीलरने शेवटचा खण ढकलून बंद केला.

"कसे आहेत?"

"बरे आहेत. पुन्हा गोड खायला लागलेत."

"मला वाटलंच होतं," डीलर म्हणाला, आणि त्याने व्हॅन सुरू केली.