विसापैकी शून्य

"विसापैकी शून्य," केंद्रप्रमुख खंडेराव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. "बाई, इतकं कमी तर डोळे मिटून बोट लावलं तरी पडत नाही."

छायाबाई उभ्याच होत्या. पंचवटीपलीकडच्या या फुलशेतीच्या गावात त्या सव्वीस वर्षं हातच्याची वजाबाकी शिकवत आल्या होत्या. चिंचोके, खडे, झेंडूची फुलं, सगळं वापरून झालं होतं. जूनमध्ये भिंतीवर दाराएवढा टीव्ही आला, नारळ फुटला आणि चिंचोके कपाटात गेले. आता पडद्यावरचे कार्टूनमधले टायवाले सर गणित घालत, मुलं चारातल्या एका उत्तराला बोट लावत आणि कोण किती शिकलं ते थेट साहेबांच्या मोबाइलवर उमटे. मधे बाईंची गरज प्लग लावण्यापुरती.

"तेजस्विनीचं नाव आज अप्रगत यादीत जाणार. सोबत तुमचा खुलासा."

चौथीतली तेजस्विनी पहिल्या बाकावरच होती. गेल्या वर्षी पाटी दिसली की तिचं पोट दुखायचं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"बावन्नातून सतरा गेले?"

तिने पाटीवर झरझर पस्तीस लिहिले.

"मग तिथं सत्तरला बोट का लावलंस?"

तेजस्विनीने साहेबांचा अंदाज घेतला. "बरोबर आलं का ते सर नुसते व्हेरी गुड म्हणत्यात. चुकलं का खुर्चीवरून पडत्यात. लय भारी पडत्यात, बाई."

मागे कुणीतरी फिसकलं.

"आणि चुकून बरोबर आलं तर?"

"येत नाय. आधी पाटीवर करून घेते ना."

छायाबाई साहेबांकडे वळल्या. "वीसच्या वीस चुकवायला वीसच्या वीस यावी लागतात, साहेब."

खंडेराव विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. "पटतं," ते म्हणाले. "पण ॲपमध्ये तसा रकाना नाही."

पोरगी पहिल्यांदाच आपणहून पाटी घेऊन बसू लागली होती आणि ती सवय मोडायचं काम आता बाईंकडेच आलं होतं.

"तेजस्विनी, पुन्हा खेळ. सगळी बरोबर दे."

"सगळी? एकदापण नाय पाडायचं?"

"नाही."

ती उठली. एकोणीस वेळा सर व्हेरी गुड म्हणाले. विसाव्याला तिने मागे वळून बाईंकडे पाहिलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. सर खुर्चीतच राहिले. वर्गात कुणी हसलं नाही.

"बघा, टेक्नॉलॉजी," म्हणत खंडेरावांनी फोटो काढला आणि ते पुढच्या शाळेला गेले. तेजस्विनीने पाटी दप्तरात तळाशी सरकवली.

शाळा सुटल्यावर छायाबाई प्लग काढायला गेल्या. पडद्यावर बावन्न वजा सतरा होतं. त्यांनी सत्तरला बोट लावलं. सर धाडकन पडले, उठले, टाय सरळ करून पुन्हा बसले. रिकाम्या वर्गात बाईंनीही पदर सारखा केला आणि कपाटातून चिंचोक्यांचा डबा काढला.