पश्चिमेची जाळी

कामवारी स्पोर्टिंग या संघावर या मोसमात घरच्या मैदानावर जेवढे गोल झाले, ते सगळे उत्तरार्धात आणि सगळे पश्चिमेकडच्या जाळीत झाले. बाहेरच्या मैदानांवर याच संघाचा बचाव जिल्हा लीगमध्ये सर्वांत भक्कम होता.

धम्मदिना रोकडे हिला ही गोष्ट चांगदेव भोईर यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात, चहाच्या कपासोबत कळली. चांगदेवशेठ क्लबचे अध्यक्ष होते. वळ गावातली त्यांची भातशेती आता गोदामांच्या पत्र्याखाली गेली होती; दोन गोदामांमधली एक लांबट पट्टी तेवढी त्यांनी हौसेखातर फुटबॉलला ठेवली होती. दोन वर्षांत तीन प्रशिक्षक येऊन गेले होते आणि मागच्याच आठवड्यात व्यवस्थापकानेही अंग काढून घेतले होते. धम्मदिना भिवंडीतल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे, पूर्वी विद्यापीठाच्या संघातून खेळली होती, आणि भिडेखातर होकार देणारी म्हणून तिची ख्याती नव्हती. शेठना तेवढी पात्रता पुरेशी वाटली.

“मॅनेजर तू व्हायचं, बाय. मी ठरवलाय.”

“आणि कोच?”

“मुंबईचा. हितेश नाव. लायसनवाला हाय. रविवारी कमिटीत दोघांचा पन काम उरकून टाकू. त्याची एकच अट हाय. ओमकार आनि त्याच्याम्होरची शेलार गावची चारी पोरा बाहेर. दमतात, म्हनतो. तेवढ्या कागदावर मॅनेजरची सही लागल.”

म्हणजे नेमणुकीनंतरचे तिचे पहिले काम पाच जणांना घरी बसवण्याचे होते. ओमकार तरे हा गोलरक्षक आणि कर्णधार. जिल्हा संघाच्या निवड चाचणीसाठी त्याचे नाव गेलेले होते. क्लबनेच त्याला काढले, तर ते नाव तिथूनही गळणार, आणि वयाच्या मर्यादेमुळे पुन्हा जाणार नाही, हे धम्मदिनाला ठाऊक होते.

“सही करायला माझी हरकत नाही,” ती म्हणाली. “आधी कारण कळू दे.”

“कारन? अगो, दिवसभर लूमवर उभी असतात पोरा. दमतील नाय तर काय?”

“बाहेरच्या मैदानावर नाही दमत?”

शेठनी बशीतला उरलेला चहा संपवला. उत्तर आतून आले.

“ती जागाच खराब हाय.” शेठच्या पत्नी पार्वतीकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. “मैदान करताना बांधावरचा वेताळाचा धोंडा उचलला, तो त्या अंगाचाच. मी तवाच सांगितला. एका मॅचला मी सोता नारळ फोडला, त्या दिवशी झाला का गोल? न्हाय झाला.”

“आणि पुढच्या मॅचला?”

“फोडला की.”

“मग?”

“दोन झाले.” काकूंनी जराही न अडखळता पुढचे सांगितले, “तो नारळ नासका निघाला.”

धम्मदिनाने वाद घातला नाही. एका नारळाने गोल थांबला आणि दुसऱ्याने थांबला नाही, यावरून नारळाविषयी काहीच सिद्ध होत नाही. पण पहिल्या दिवशी काहीतरी निराळे असणार, असा संशय घ्यायला जागा होते.

“काकू, त्या पहिल्या दिवशी हवा कशी होती?”

“मळभ होता. ऐन थंडीत. जवळा वाळत टाकलेला, तो सगळा उचलायला लागला मना. एवढा चांगला आठवतंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मैदानावर गेली. फुटबॉलचे मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे कुणाच्याच डोळ्यांवर ऊन येत नाही. हे मैदान पूर्व-पश्चिम होते, कारण जमिनीची पट्टीच तशी होती. दोन्ही बाजूंना गोदामे, पूर्वेच्या टोकाला गावदेवीचे छोटे देऊळ, पश्चिमेला खाडीकाठचे मोकळे खाजण. मळभ असताना गोल झाला नाही म्हणजे सूर्यावर आळ घ्यावा, हा विचार मनात येताच तिला तो सोडून द्यावा लागला. पश्चिमेच्या जाळीपुढे उभ्या राहिलेल्या गोलरक्षकाची सूर्याकडे पाठ असते. दिपायला हवेत ते चाल करून येणारे प्रतिस्पर्धी. सूर्य दोषी असता, तर गोल पूर्वेच्या जाळीत व्हायला हवे होते.

ओमकार गोलखांबाला जाळी बांधत होता.

“उत्तरार्धात तुम्ही नेहमी याच बाजूला कसे?” तिने विचारले.

“सुरुवात देवीच्या बाजूने करतो ना, ताई. पहिल्यापासून तसंच आहे.”

“आणि टॉस हरलास तर?”

“समोरच्या कॅप्टनला सांगतो, बाबा, आमची देवी तिकडे आहे. त्याला कोण नाही म्हणणार?”

तिच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. पश्चिमेची बाजू आणि उत्तरार्ध या दोन गोष्टी या मैदानावर कधी वेगळ्या झाल्याच नव्हत्या. तिन्ही प्रशिक्षकांनी उत्तरार्ध पाहिला आणि पोरांना धावायला लावले. पार्वतीकाकूंनी पश्चिम पाहिली आणि नारळ फोडला. दोन्ही निदानांना आधार सारखाच होता, म्हणजे अर्धा.

“उद्याच्या सरावाला उलटं कर. आधी पश्चिम.”

ओमकारने देवळाकडे एकदा पाहिले. “तुमच्या जबाबदारीवर.”

“माझ्या जबाबदारीवर.”

सरावाच्या सामन्याला हितेशही आला. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, बोलणे मोजके. समोर भिवंडीतलाच एक तगडा संघ बोलावला होता. कामवारीवर पूर्वार्धात गोल झाला नाही आणि उत्तरार्धातही झाला नाही.

“देवी रागावली नाही वाटतं,” ओमकार म्हणाला.

“एका सरावावरून काही ठरत नाही, मॅडम,” हितेश म्हणाला.

“अगदी बरोबर,” धम्मदिना म्हणाली, आणि तिला ते खरेच मान्य होते. “पण तुमच्या अटीला अडचण झाली. दमून गोल होत असते, तर आजच्या उत्तरार्धातही झाले असते. पोरं तीच होती आणि तेवढीच धावली.”

“मग कशाने होतात?”

“ते अजून माहीत नाही.”

हितेशने खांदे उडवले. पण पुढच्या सरावालाही येईन म्हणाला, हे तिने मनात त्याच्या जमेला धरले.

आता उरले ते एवढेच. नुसती पश्चिम पुरत नव्हती, नुसता उत्तरार्ध पुरत नव्हता. दोन्ही एकत्र आले आणि आकाश मोकळे असले, तरच गोल होत. म्हणजे पुन्हा सूर्यच, आणि तोही उत्तरार्धातला, खाली उतरलेला. पण सूर्य पाठीशी असलेल्या माणसाला तो त्रास देत नाही. त्रास होतो त्या माणसाकडे बघणाऱ्याला. आणि सामना चालू असताना स्वतःच्या गोलरक्षकाकडे बघायला बचावपटू कशाला मागे वळेल? त्याने पुढे बघावे आणि कानांनी ऐकावे, म्हणून तर गोलरक्षक ओरडत असतो. इथे तिचा विचार अडला.

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर ती शेलारला गेली. रविवारच्या कागदात काय लिहिले आहे ते ओमकारला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, असे तिला वाटत होते. तरेंच्या पत्र्याच्या शेडमध्ये लूम चालू होते. दारात पाऊल टाकताच आवाज छातीत बसला. ओमकार आतल्या टोकाला पाठमोरा होता. तिने हाक मारली. स्वतःची हाक तिला स्वतःलाच ऐकू आली नाही. अलीकडच्या लूमवर संघाचा उजवा बचावपटू उभा होता. त्याने तिला पाहिले, नुसता हात वर करून हलवला, आणि ओमकारने मान वळवली. मग दोघांचे काहीतरी बोलणे झाले. ओमकारने छातीपाशी दोन बोटे फिरवली, तळवा पालथा केला, ओठ हलवले. दुसऱ्याने हनुवटी उचलली आणि सरकून त्याचे लूम सांभाळायला गेला. सगळे मिळून एखाद्या उचकीएवढा वेळ लागला असेल.

बाहेर आल्यावर ती रविवारच्या कागदाविषयी बोललीच नाही.

“मैदानावरही तुम्ही असंच बोलता?”

“असंच म्हणजे?”

“हातांनी.”

“मग काय ओरडायचं?” ओमकार हसला. “लूमवर ओरडणाऱ्याचा घसा दोन दिवसांत बसतो, ताई. आणि ऐकणार कोण? आमच्या पाचांचेही कान म्हणजे... घरी टीव्ही लावला की आई शिव्या घालते. ते कोच सगळे बोंबलायचे, ‘बोला, बोला, गप का?’ आम्ही तर बोलतच असायचो.”

“म्हणजे बचावपटू मागे वळून तुझ्याकडे बघतात.”

“सारखे. नुसती एक नजर. मी सांगतो, कोण मोकळा सुटलाय, कुणी सरकायचं. लूमवर मान मागे वळवायची सवयच असते, मागचं लूम बंद पडलं का ते बघायला.”

“उद्या संध्याकाळी सगळे पश्चिमेच्या जाळीपाशी या. ऊन खाली आल्यावर.”

शनिवारी ती आधी स्वतः उजव्या बचावपटूच्या जागी जाऊन उभी राहिली. सूर्य खाजणावर टेकत आला होता. तिने मान मागे वळवली. गोलखांबांच्या चौकटीत माणसाच्या आकाराचे एक काळे भोक दिसले. त्याला तोंड नव्हते, आणि छातीपाशी हात होते की नव्हते, ते कळायला मार्ग नव्हता. दोन वेळा बघितल्यावर डोळ्यांत पाणी आले आणि पुढे बघितले, तर चेंडूच्या जागीही हिरवे ठिपके नाचत होते.

“शेठ, मला एक कंटेनर हवा आहे.”

“काय हवा हाय?”

“तो गोदामाच्या दारात उभा आहे ना, तो. जाळीच्या मागे आडवा लावायचा.”

चांगदेवशेठनी आयुष्यात अनेक कारणांनी कंटेनर हलवले होते. या कारणाने पहिल्यांदाच. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. “ए भाई, जरा गाडी इधर लगाव! गोल के पीछे! अरे पूछ मत, मॅडम बोलती है!”

हितेशने चाली आखून दिल्या आणि त्या मुद्दाम अवघड आखल्या, कारण निदान खरे ठरायचे तर ते अवघडातही टिकले पाहिजे, असे त्याचे मत होते. धम्मदिनालाही तेच हवे होते. आधी उघड्यावर चाली झाल्या. चेंडू बचावातून वाट काढत वारंवार जाळीत गेला. मग कंटेनर लावला. जाळीसमोर सावली पडली आणि ओमकारचा चेहरा, हातमोजे, बोटे लख्ख दिसू लागली. मध्ये सरकायचे तिथे बचावपटू आपसूक सरकले, आणि गोल बंद झाले. कंटेनर बाजूला घेतला. गोल सुरू झाले. पुन्हा जाळीमागे आणला, पुन्हा बंद. पोरे तीच होती, उलट तासाभराने अधिक दमलेली. जाळी तीच. वेताळाच्या धोंड्याची जागाही तीच.

हितेशने शिट्टी खिशात टाकली. तो थेट ओमकारपाशी गेला.

“माझं चुकलं. दमता म्हणून तुम्हा पाचांना काढा, अशी अट मी घातली होती. ती मागे घेतो.” मग चांगदेवशेठकडे वळून म्हणाला, “कोच म्हणून येईन, पण आता माझी अट दुसरी आहे. आधी एक आठवडा मी शेलारला, यांच्या शेडमध्ये बसणार. खेळाडू काय बोलतात ते ज्याला कळत नाही, तो शिकवणार काय?”

“म्हंजे आता कोच पन हातांनी बोलनार?” शेठ म्हणाले. “मग पोरांना शिव्या कशा देनार?”

“त्याला पण खूण आहे,” ओमकार म्हणाला आणि ती करून दाखवली. शेठ पोट धरून हसले. पार्वतीकाकूंनी तोंड दुसरीकडे फिरवले, पण खांदे हलायचे थांबेनात.

“काकू,” धम्मदिनाने विचारले, “इथून पुढे घरच्या मॅचला आधी पश्चिमेची बाजू घ्यायची म्हणते. देवीला चालेल?”

“देवीला काय?” काकू म्हणाल्या. “तिला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. न दिसनारी ती तुमचीच पोरा.”

रविवारी समितीच्या बैठकीत पाच खेळाडूंना काढण्याचा कागद धम्मदिनाने सही न करता परत केला आणि व्यवस्थापकपद स्वीकारले. हितेशची प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. ओमकारचे नाव निवड चाचणीच्या यादीत होते तिथेच राहिले. एका सदस्याने विचारले की हे सगळे एका वाक्यात सांगता येईल का. धम्मदिना म्हणाली की एका वाक्यात नाही, पण थोडक्यात येईल, आणि तिने ते सांगितले.

लूमवर काम करणारे हे पाच जण आवाजाने नव्हे, हातांनी आणि ओठांनी बोलतात, आणि मैदानावरही तसेच बोलत होते. देवीची बाजू आधी घेण्याच्या प्रथेमुळे दर उत्तरार्धात त्यांचा गोलरक्षक मावळत्या सूर्याच्या पुढे उभा राहत असे, आणि त्याच्याकडे वळून बघणाऱ्या चौघांना त्याचे हात दिसत नसत.