शिळं पाणी

टाकीतले मासे मरून वर तरंगत होते आणि गजेंद्र जाळीच्या पळीनं त्यांना एकेक करून वाडग्यात काढत होता. दारातून आईनं विचारलं, "काय व्हयनं रे भाऊ?"

त्यानं मागे वळून न पाहताच म्हटलं, "तुले कितला येळ सांगं माय, भाकर टाकानी नही म्हनीसन!"

आईनं, धुरपदाबाईनं, वाडग्यात पाहिलं. मग पदर तोंडाशी धरून ती आत गेली.

दिवसभर कापड-कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात उभं राहून गजेंद्रचे कान बधिर होत. नवागामच्या कामगारवस्तीतल्या त्या दीड खोलीत आवाज न करता वाढणारं काहीतरी असावं, म्हणून त्यानं ही काचेची टाकी मांडली होती. तळाला काळी माती, समोर रेती, मधोमध तापीकाठी सापडलेलं वाकडं लाकूड. चिमट्यानं एकेक काडी खोचून त्यानं पाण्यात गवत लावलं. आधी निम्मं सडलं, काचेवर शेवाळ चढलं. बायको उज्ज्वला हसायची. मग एका सकाळी गवतानं मुळं धरली, आणि दिवा लावला की पानापानावर बारीक बुडबुडे दिसू लागले. शेवटी त्यानं लाल-निळे इवलेसे मासे सोडले.

वडील गेल्यावर आई पारोळ्याकडच्या गावाहून इथं राहायला आली. इथं तिचं मन लागेना. रमली ती या टाकीपाशीच. "हाई तं धाननं वावर शे," गवत पाहून ती म्हणाली होती. चटई टाकून ती दिवसभर काचेसमोर बसायची, माशांशी बोलायची, आणि कोणी पाहत नसताना भाकरीचा कण चुरून टाकायची. त्या कणांनी पाणी थोडं गढूळ व्हायचं, एवढंच.

मासे कशानं मेले, ते गजेंद्रला पक्कं ठाऊक होतं. टाकीतलं थोडं पाणी दर आठवड्याला बदलावं लागे आणि त्यासाठी तो पिंपात पाणी शिळं करून ठेवी, म्हणजे नळाच्या पाण्यातलं औषध उडून जाई. त्या सकाळी पिंप रिकामं होतं, कारखान्यातल्या पाळीची वेळ झाली होती. त्यानं नळाची बादली सरळ ओतली. हाताला औषधाचा उग्र वास आलेला त्याला आठवत होता.

त्या संध्याकाळी आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिची चटई दाराकडे तोंड करून पडली होती. गजेंद्रनं नवे मासे आणले, "माय, देख तं खरी" म्हणाला. तिनं मान हलवली, वळली नाही. तुळशीला पाणीसुद्धा ती उज्ज्वलाला घालायला सांगू लागली. "मन्हा हात चांगला नही," म्हणे.

सुट्टीच्या दिवशी त्याच्यानं राहवेना. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"माय, मासा तू नही मारात. मी मारात. नळनं पानी सरळ टाकं मी. तुन्हा भाकरमुळे काहीच व्हयनं नही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर हसू आलं. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मन्हासाठे खोटं बोलस का रे?"

"खोटं नही माय. देवनी आन."

"आन घेऊ नको." तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "तुन्हा बापबी असाच व्हता. मन्हा हातथून दूध उतू गयं, तरी स्वतावर ले."

त्यानं पुन्हा सांगितलं, पिंपाचं, बादलीचं, वासाचं. ती नुसती मान डोलवत राहिली. जितकं सांगावं तितके तिचे डोळे भरून येत होते.

शेजारची तारा मेथी निवडायला येऊन बसली, तेव्हा धुरपदाबाईनं तिला सगळं सांगितलं. ताराबाई परभणीकडची. "मावशी, असं लेकरू मिळायला पुण्य लागतंय बघा," ती म्हणाली. "आमच्या लेकानं तर उलट माझ्यावरच ढकललं असतं."

गजेंद्र उठला. टाकीतल्या गवताचे शेंडे वाढले होते. कात्री घेऊन तो ते कापू लागला.

जेवायला खिचडी होती. धुरपदाबाईनं कितीतरी दिवसांनी स्वतः वाढायला घेतलं. सगळ्यांच्या ताटांत वाढून झाल्यावर तिनं तेलाची बुधली पुन्हा उचलली आणि त्याच्या खिचडीवर आणखी एक धार सोडली.

"खाय," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घालून खाल्लं.