अठ्ठेचाळीस तासांचा सांधा

समजा, तुमची आई एका चिलखती गाडीच्या आत बसली आहे आणि त्या गाडीला दार नाही. डोळे मिटून समजलात तरी चालेल. मैनानेही मिटले होते.

मैना नऊ वर्षांची. तिची आई शालन लष्करी गाड्यांच्या कारखान्यात वेल्डर होती. तिथली रीत अशी, की कवचाचा शेवटचा सांधा आतून जोडायचा आणि ज्याने जोडला त्याने अठ्ठेचाळीस तास आतच बसायचं. ह्या जाड पोलादाचा स्वभाव काही माणसांसारखा असतो. तापलेलं असतं तोवर गुणी दिसतं. निवलं, की एक-दोन दिवसांनी मनातलं बोलतं. सांध्यात ओल शिरली असेल तर ‘टिक्’ करून तडकतं. म्हणून थांबायचं. थांबताना गाडी आक्रसत जाते, त्याला इलाज नाही. सांधा पास झाला, की ती पुन्हा वाढते आणि तिला दार फुटतं, जसा मटकीला मोड फुटतो.

सोमवारी दुपारी गाडी एसटीएवढी होती. मंगळवारी बैलगाडीएवढी. बुधवारी मैना आली, तेव्हा ती कपड्यांच्या ट्रंकेएवढी झाली होती.

“आई, बसता येतंय का गं?”

“गुडघे दुमडलेत, एवढंच,” आतून शालन म्हणाली. “वेणी कुणी घातली?”

“मीच.”

“मग वाकडी असणार.”

मैना हसली नाही. वेल्डिंगचे रॉड हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून ते एका छोट्या भट्टीत कायम उबेला ठेवतात. तिथे दुसरं काही ठेवायचं नाही, हे आईने तिला शंभरदा सांगितलं होतं. पण सोमवारी आईचा डबा गार झाला होता. मैनाने तो झाकण काढून रॉडच्या शेजारी सरकवला. दहाच मिनिटं. आमटी छान वाफाळली.

“कुठे तापवलास गं?” आईने विचारलं होतं.

“कँटीनमध्ये.”

आई पोटभर जेवली, तेच रॉड घेतले आणि शेवटचा सांधा जोडायला आत गेली.

आज त्या सांध्याला चिंचगुळाचा वास येत होता. मैनाशिवाय कुणालाच तो येत नव्हता.

बाराला पाच मिनिटं असताना तपासनीस पानसेकाका आले. सांध्याला कान लावून ते बराच वेळ वाकून राहिले.

“चकार शब्द नाही. बाराचा भोंगा झाला, की शिक्का! शालनबाई, चहा सांगून ठेवू?”

“साखर कमी,” ट्रंकेतून उत्तर आलं.

“काका,” मैना म्हणाली, “दोष सापडला तर?”

“सांधा कोरायचा, आतून नवा घालायचा, पुन्हा अठ्ठेचाळीस तास. गाडी आहे तिथून पुढे आक्रसणार.” काकांनी हाताने माप दाखवलं. “डब्याएवढी होईल.”

“आणि दोष असला, पण कुणाला सापडलाच नाही तर?”

“मग तो तोफगोळ्याला सापडतो,” आई आतून म्हणाली. “ह्यात तिघं बसणार आहेत, मैने. कुणाची तरी पोरंच ती.”

काकांनी हातातला खडू गाडीवर ठेवला आणि शिक्क्याला शाई लावायला ते पाठमोरे झाले.

टिक्.

भातातला खडा दाताखाली यावा, तेवढाच आवाज. काका वळले नाहीत. भोंग्याला मिनिटभर होतं.

त्या कारखान्यात दोष दाखवायचा तर त्याच्याभोवती खडूने गोल करतात. मैनाने खडू उचलला.

“आई, डबा मी रॉडच्या भट्टीत ठेवला होता.”

आतून आई सांध्याकडे सरकल्याची खसखस ऐकू आली.

वास सर्वांत दाट होता तिथे मैनाने खडू टेकवला आणि गोल काढायला घेतला. अर्धा झाला, आणि तिचा हात पुढे सरकेना. मग उरलेला अर्धा पोलादावर आपोआप उमटू लागला, आतल्या बाजूने, सावकाश, थोडा वाकडा.

भोंगा वाजला. मैनाने खडू खाली ठेवला नाही. ती पांढरी रेघ फिरून आपल्यापर्यंत येईतो तिने तो तिथेच धरून ठेवला.