लढाईत नत्थूनं काय केलं

एकाहत्तरच्या लढाईहून नत्थू बोपचे सिहोऱ्याला परतला, तेव्हा बसमधून उतरता उतरताच कुणीतरी विचारलं, "किती मारले गा?" नत्थूच्या तोंडून निसटलं, "तीन." एकदा तीन म्हटल्यावर मागे येणं कठीण, पुढे जाणं सोपं. बहुतेक दिवाळ्यांना एकेक शत्रू वाढत गेला आणि दहा वर्षांत आकडा अकरावर पोचला.

घरात मात्र हा वाघ चुलीकडे फिरकत नसे. बायको केशरबाई तापानं फणफणली तरी म्हणायचा, "मले बंदूक धरता येते वं, झारा नाई." मग शेजारची सुंदरबाई येऊन भात रांधून जायची.

ब्याऐंशीच्या सव्वीस जानेवारीला शाळेत त्याचा सत्कार करायचं आनंदराव गुरुजींनी ठरवलं. गुरुजींचं काम पक्कं. लढाईत नत्थूनं काय केलं ते सरकारी कागदावरूनच वाचून दाखवायचं, म्हणून त्यांनी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला इंग्रजीत अर्ज लिहिला. सत्काराच्या आनंदात नत्थूनं काही न विचारता त्यावर सही ठोकली.

पाकीट आलं तेव्हा तो खळ्यावर धान उफणत होता. ते केशरबाईच्या हाती पडलं. तिनं गुरुजींकडे नेऊन अक्षर न् अक्षर वाचून घेतलं.

दुपारी नत्थू घरी येतो तर चूल थंड आणि बायको उंबऱ्यावर.

"काहून वं, जेवण?"

"सरकारचा कागद आला तुमचा जी," केशरबाई गोड आवाजात म्हणाली. "त्यात लिहून हाये, तुमी लांगरी होते. पलटणीचे आचारी."

नत्थूला घाम फुटला. "दुसऱ्या कोणाचा असन तो."

"नाव तुमचं, बापाचं नाव तुमचं, कानामागचा तीळबी तुमचाच. शंभर शंभर लोकायले रांधत होते, अन् मी तापात पडली तं तुमाले भात टाकता येत नोव्हता?"

नत्थू मटकन खाली बसला. "लाज वाटली वं. लोकायनं मले हार घातला. त्यायले काय सांगू, मी कांदे कापत होतो म्हणून?"

"पुरं आयका. नदीच्या पल्याड आपले चाळीस जण अडकले होते, दोन दिवसाचे उपाशी. वरून तोफा चालू. तुमी डोक्स्यावर खिचडीनं भरलेला गंज घेऊन छातीभर पाण्यातून गेले. एकदा नाई, दोनदा. खरं हाये का हे?"

"हो," नत्थू पुटपुटला. "पण दुसऱ्या खेपेले मीठ इसरलो होतो."

केशरबाईला रागावूनच राहायचं होतं, पण हसू फुटलं. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "गुरुजीले सांगून आली मी. सारं वाचा म्हणलं."

सव्वीस तारखेला गुरुजींनी सारं वाचलं. नत्थू खुर्चीत अंग चोरून बसला होता. वाचन संपलं आणि मागून बाबूलाल दुकानदार ओरडला, "मंग ते अकरा कोण होते गा?"

नत्थू उठला. "ते कैदी होते, भाऊ. त्यायलेबी मीच जेवाले वाढलं."

कैद्यांना त्यानं वाढलं होतं हे खरं. ते नेमके किती होते, ते देवाला ठाऊक. सारं मैदान हसलं. नत्थूही हसला. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

म्हातारा भैय्यालाल तेवढा हसला नाही. त्याचा मुलगाही आता फौजेत, सरहद्दीवर होता. काठी टेकत तो पुढे आला. "माह्या पोरालेबी तिकडं कोणी असंच गरम वाढत असन का गा?"

"वाढत असन, काका. लांगरी सोता उपाशी राहीन, जवानाले ठेवत नाई."

म्हाताऱ्यानं त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

त्या उन्हाळ्यात केशरबाईच्या भाचीचं पवनीला लग्न झालं. तिथं बाह्या वर सारून नत्थू चार चुलींवर एकटा हुकूम सोडत होता आणि वऱ्हाडी त्याला 'सुभेदार' म्हणत होते. केशरबाई पहिल्याच पंगतीत बसली. वांग्याची भाजी तिनं तीनदा मागून घेतली. चांगली झाली, असं मात्र म्हणाली नाही.