चोवीस पौंड हवा

“तीस म्हणलो होतो, पुंजारामभाऊ. काटा तर पंचेचाळिसावर गेला,” जीपवाला कारभारी म्हणाला.

पुंजारामाने चाकातून नळी काढली. हवेचं माप डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब करून पाहिलं. काचेमागे एक धुरकट पांढरं वर्तुळ होतं. काटा कुठे दिसेना.

शहरालगतच्या छावणीत हवा भरायला बसून त्याला सव्वीस वर्षं झाली होती. देवगाव रंगारीहून आला तेव्हा हातपंप होता. कॉम्प्रेसर पुढे आला. लांबून आलेल्या गाडीत तो लगेच हवा भरत नसे. “चाकं तापल्यावर माप खोटं येतं. निवू द्या,” म्हणून लोकांना बसवून ठेवी. लोक चिडत, पण पुढच्या वेळी त्याच्याकडेच येत. दिवाळीपासून मात्र डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. हे त्याने बायकोला, भागूबाईलाही सांगितलं नव्हतं. हाताच्या अंदाजावर भागतंय, अशी स्वतःची समजूत घालत आला होता.

“मघाशी अनंतरावांच्या फियाटमधी भरली,” तो म्हणाला. “चोवीस पौंडाची गाडी. किती भरली असंल म्या?”

अनंतराव पाऊण तासापूर्वीच बायकोला घेऊन चाळीसगावला निघाले होते. मे महिन्यातली दुपार, आणि पुढे कन्नडचा घाट.

“मला तिकडं घिऊन चल,” पुंजाराम म्हणाला.

कारभारीने आपल्या चाकातली जादा हवा सोडली आणि जीप काढली.

दौलताबाद मागे पडल्यावर फियाट दिसली. रस्ता सोडून एका चिंचेजवळ तिरपी उभी होती. पुढच्या डाव्या चाकाच्या चिंध्या झाल्या होत्या. अनंतरावांच्या पत्नी यमुनाबाई सावलीत बसल्या होत्या. त्यांचं उजवं मनगट सुजलं होतं. त्यावर ओला टॉवेल गुंडाळला होता.

“बरं झालं, तूच आलास,” अनंतराव म्हणाले. “खड्ड्यात आदळलो आणि बार उडाल्यासारखा आवाज झाला. झाडावर जाता जाता राहिलो. टायर जुनंच होतं म्हणा. बदला म्हणून तू मागेच सांगितलं होतंस. माझाच आळस.”

कारभारीने पुंजारामाच्या कोपराला हात लावला. “ऐकलं ना?” तो हळूच म्हणाला. “ऱ्हाऊ दे मग.”

पुंजाराम उकिडवा बसून दुसऱ्या चाकावरून हात फिरवत होता. रबर दगडासारखं टणक लागलं. तो उठला.

“टायर जुनं व्हतं, साहेब. पण हवा म्या लई जास्ती भरली. मला काटाच दिसत नाय. सा महिने झाले.”

अनंतराव पाठ वळवून रस्त्याकडे बघत राहिले. यमुनाबाईंनीच विचारलं, “मग सांगायचं नाहीस का रे?”

“कसं सांगू, बाई. दुसरं काय येत नाय मला.”

उरलेल्या तीन चाकांतली हवा उतरवायची होती; चाकं एव्हाना निवली होती. पुंजाराम वाल्वमध्ये काडी दाबून हवा सोडत होता, कारभारी मधूनमधून बरोबर आणलेलं माप लावून आकडा वाचत होता. “चाळीस. बत्तीस. आता चोवीस.” तिसरं चाक झालं तेव्हा कारभारीने माप परत पुढे केलं. पुंजारामाने ते घेतलं नाही. “तुझ्यापाशीच ठेव,” म्हणाला.

यमुनाबाईंचं मनगट आधी दवाखान्यात दाखवायला हवं होतं.

“तुमी जीपातून जावा,” पुंजाराम म्हणाला. “म्या स्टेपनी चढवून हितंच थांबतो.”

अनंतरावांनी किल्ल्या गाडीच्या टपावर ठेवल्या, त्याच्या हातात दिल्या नाहीत. जीप शहराकडे वळली.

चाक बदलायला डोळ्यांची फारशी गरज लागली नाही. ते झाल्यावर तो गाडीपाशी उन्हातच बसला. जाणारे-येणारे थांबून काय झालं म्हणून विचारत होते. आधी एक बैलगाडीवाला, मग सायकलवरचे एक मास्तर. पुंजाराम दर वेळी उठून उभा राही आणि सांगे, “हवा जास्ती झाली व्हती. मीच भरली.”