झाकलेलं कोंबडं

खुराड्यातली शेवटची काळी कोंबडी पोत्यात गेली, तरी माईंचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्यांचे कान मागच्या खोलीकडे लागले होते. तिथे दार लावून त्यांचे यजमान राखी कोंबडा मांडीवर घेऊन बसले होते. तो आरवला की संपलं.

हे वाण सासूबाईंच्या वेळेपासून घरात. कोंबडी अंड्यांना नाही म्हणायची नाही, कोंबडा अंगाने भरायचा. एका दगडात दोन पक्षी, तेही घरचेच! रंग तीन: काळा, ठिपक्यांचा पांढरा आणि राखी. राखीवर माईंचा जीव. बहिणीकडे याच वाणाच्या काळ्या माद्या होत्या. हा वाचला, तर रंग पुन्हा धरता आला असता. पण गावात बर्ड फ्लूची साथ आली होती आणि एकही पक्षी ठेवायचा नाही असा सरकारी हुकूम होता.

सकाळी यजमान हसले होते. "अगं, कोंबडं झाकून उजाडायचं राहतं का?"

"उजाडू दे खुशाल. याने तोंड उघडू नये म्हणजे झालं."

तुरा जरा काळपट दिसतोय, असंही ते म्हणाले. राखीचा तुरा सावळाच असतो, असं सांगून माईंनी त्यांना गप्प केलं होतं. सासूबाई तसंच म्हणायच्या.

पांढऱ्या झग्यातले गुरांचे डॉक्टर जवळ आले. "आणखी एखादा पक्षी? घरात?"

"छे हो. होतं नव्हतं ते तुमच्या पोत्यात."

"मागची खोली फवारून घेतो."

"आत हे झोपलेत. रात्रपाळी होती."

डॉक्टर घुटमळले. "बरं, मग दाराबाहेरच फवारा मारतो. पण ताप, खोकला आला तर लपवू नका. माणसालाही लागतं हे. जिवावर बेततं."

गाडी सुरू झाली तशी माईंनी धावत जाऊन दार उघडलं.

"बघ, हूं नाही की चूं नाही!" यजमानांचा चेहरा खुलला होता. "शहाण्यासारखा बसला. मधे नुसता शिंकला दोनचारदा."

ते बाहीने तोंड पुसत होते. कोंबड्याची मान त्यांच्या मनगटावरून खाली लोंबत होती. डोळे सुजलेले, चोचीतून चिकट धार, आणि तुरा पिकल्या जांभळासारखा. सावळा नव्हे. त्यांच्या मिशांवरही तीच धार लागली होती.

"शिंकला कुठे?"

"कुठे म्हणजे? तोंडावर! एवढा जवळ धरला होता, मग?"

माईंनी तोंड पुसायला पदर पुढे केला, मग भिऊन मागे घेतला. स्वतःच्या नवऱ्याला हात लावायची त्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीचीच लाज वाटली.

"हात धुवा. तोंड धुवा. कुणाच्या जवळ जाऊ नका!"

चपला न घालता त्या रस्त्यावर धावल्या. गाडी वळणावर पोचली होती.

"डॉक्टर! थांबा! मी खोटं बोलले! अजून एक कोंबडा आहे!" गाडी थांबेना. माईंचा श्वास तुटला, तरी त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "कोंबडा मरू दे हो! माझा माणूस आहे आत!"